वेस्ट एंड ॲव्हेन्यूवरचं १९२६ सालचं को-ऑप: घ्यावं की नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मॅनहॅटनच्या अपर वेस्ट साइडला, वेस्ट एंड ॲव्हेन्यूवर, १९२६ साली बांधलेली पंधरा मजली इमारत. नवव्या मजल्यावर दोन बेडरूम, वेगळी डायनिंग रूम, स्वयंपाकघरामागे एक चिमुकली खोली. साडेनऊ फूट उंच छत, खाली ओकचं लाकूड, दारात टोपी घातलेला डोअरमन. तुम्ही दोघं बघताक्षणीच घराच्या प्रेमात पडलात. मुलगा चार वर्षांचा आहे, आई दरवर्षी पुण्याहून चार-पाच महिने येतात. मेंटेनन्स महिना ३,१०० डॉलर, त्यामुळे ‘विकत घेऊनही भाडं कसलं?’ असं तुम्ही विचारताय. स्वयंपाकघराची भिंत पाडायची आहे, वॉशिंग मशीन लावायचं आहे. आणि शेवटी, बोर्डाच्या, म्हणजे इमारतीच्या संचालक मंडळाच्या, मुलाखतीत काय विचारतात.

मी आर्किटेक्ट आहे. गेली बावीस वर्षं माझं बहुतेक काम अशाच, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या इमारतींमधले फ्लॅट आतून नीट करण्याचं आहे. अशाच एका इमारतीत राहते आणि तिथल्या बोर्डावर सहा वर्षं काढली आहेत, म्हणजे अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूलाही बसले आहे. मुलाखतीची तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती दिसते, पण यातली सगळ्यात सोपी गोष्ट तीच आहे. तुम्ही फ्लॅट पाहिलात. इमारत अजून पाहिलेली नाही.

मी गिरगावात चाळीत वाढले. तिथे शेजार आडवा असतो. गॅलरीत उभं राहिलं की डावी-उजवीकडची दहा बिऱ्हाडं आपली. इथे शेजार उभा असतो. तुमच्या फ्लॅटला ‘९ सी’ म्हणतात, त्यातला ‘सी’ महत्त्वाचा. तळमजल्यापासून पंधराव्या मजल्यापर्यंत एकावर एक रचलेले सगळे सी फ्लॅट म्हणजे तुमची ‘लाइन’. पाणी, सांडपाणी, वाफ आणि गॅस याच लाइनीतून वर-खाली जातात. समोरच्या दाराचा माणूस वर्षानुवर्षं भेटला नाही तरी अडत नाही. पण ‘१० सी’वाल्यांच्या बाथरूममध्ये काय चाललंय याच्याशी तुमच्या छताचा थेट संबंध आहे. तुमच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं या उभ्या शेजारात सापडतात.

आधी तुम्ही नेमकं काय विकत घेताय ते बघू, कारण ‘को-ऑप’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईची हाउसिंग सोसायटी येते आणि तिथेच फसगत होते. नाव एकच, जातकुळीही जवळची. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची, आणि इथे ब्रुकलिनच्या सनसेट पार्कात फिनलंडहून आलेल्या कामगारांनी आपलं सहकारी घरकुल उभं केलं ते १९१६ साली. पण वेस्ट एंडवरच्या को-ऑपचं सहसा तसं नाही. विसाच्या दशकातल्या इथल्या बहुतेक इमारती भाड्यानं द्यायलाच बांधल्या होत्या आणि १९७०-८० च्या दशकांत त्यांचं को-ऑपमध्ये रूपांतर झालं. इथे इमारत एका कंपनीच्या मालकीची असते. तुम्ही त्या कंपनीचे शेअर घेता आणि त्या शेअरच्या आधारावर कंपनी तुम्हाला तुमच्या फ्लॅटचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा देते. थोडक्यात, तुम्ही भागधारकही आणि भाडेकरूही. म्हणूनच पोटभाडेकरू ठेवायला परवानगी लागते, भिंत पाडायला लागते, आणि विकताना नवा माणूसही बोर्डाला पसंत पडावा लागतो. मुंबईत सोसायटीनं सभासदत्व नाकारलं तर कारण द्यावं लागतं. इथे बोर्ड नुसतं ‘नाही’ म्हणू शकतं. वंश, धर्म, मूळ देश अशा कारणांवरून नाकारणं बेकायदा आहेच, पण कारणच सांगायचं नसेल तर ते सिद्ध करणं किती कठीण, हे तुमच्या लक्षात येईल.

आता ते ३,१०० डॉलर. ते भाडं नाही, आणि निव्वळ देखभालही नाही. त्यात इमारतीच्या मालमत्ता करातला तुमचा वाटा आहे, आणि बहुधा तोच सगळ्यात मोठा. हीटिंग, गरम पाणी, डोअरमन-पोर्टरचे पगार, विमा त्यातच येतात. शिवाय कंपनीनं अख्ख्या इमारतीवर काढलेल्या कर्जाचा हप्ताही. करातला आणि व्याजातला काही भाग तुमच्या आयकरात वजा होऊ शकतो, किती ते तुमचा सीए सांगेल. आकडा मोठा आहे म्हणून घाबरू नका. मला उलट कमी मेंटेनन्सची भीती वाटते. पंधरा वर्षं बोर्डानं पैसे वाढवले नाहीत याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच असतो की पंधरा वर्षं छताला कुणी हात लावलेला नाही. मग एके दिवशी ‘असेसमेंट’ येतं, म्हणजे एकरकमी वर्गणी, आणि ती तुमच्या शेअरच्या प्रमाणात.

त्यामुळे तुमच्या वकिलाला सांगा, गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि किमान दोन वर्षांच्या बोर्ड-मीटिंगची इतिवृत्तं वाच. वाचायची पद्धत मी सांगते. शिल्लक निधी किती आणि इमारतीवरच्या कर्जाची मुदत कधी संपते, हे ताळेबंदात. पाणी कुठे गळतं, हे इतिवृत्तात. ‘सी लाइन’ हा शब्द किती वेळा येतो ते मोजायला लावा. माझ्या एका अशिलानं हे केलं नाही. क्लोजिंगनंतर, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण झाल्यावर, चार महिन्यांनी त्याच्या लाइनीतले गरम पाण्याचे जुने लोखंडी पाइप बदलायचं काम निघालं आणि नुकत्याच लावलेल्या टाइल्स फोडाव्या लागल्या. हा विषय इतिवृत्तात आठ वेळा आला होता. जमीन कंपनीच्या मालकीची आहे की लीजवर, हेही त्याच बैठकीत विचारा. लीजवर असेल तर माझं मत सरळ आहे: सोडून द्या.

बोर्ड, कर्ज आणि सरकारी करांबद्दल भरभर सांगते. दहा लाख डॉलर किंवा त्यावरच्या खरेदीवर ‘मॅन्शन टॅक्स’ खरेदीदारालाच भरावा लागतो, एक टक्क्यापासून सुरू. उलट कॉन्डो, म्हणजे शेअर नव्हे तर फ्लॅटच थेट आपल्या नावावर, घेताना कर्जाच्या नोंदणीवर जो कर लागतो, तो को-ऑपला लागत नाही. किती टक्के कर्ज चालेल हे इमारत ठरवते. पार्क आणि फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या काही इमारतींना कर्ज मुळीच चालत नाही, वेस्ट एंडवाले तितके कडक नसतात.

आता स्वयंपाकघर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं अर्धं आयुष्य याच भिंतींत गेलंय. १९२६ च्या इमारतीतली भिंत म्हणजे आपण आज पाहतो तसं पत्र्याच्या चौकटीवरचं जिप्सम बोर्ड नव्हे. भाजलेल्या मातीचे किंवा जिप्समचे पोकळ ठोकळे आणि त्यावर दोन्ही बाजूंनी प्लास्टर. म्हणूनच शेजारच्या खोलीत मूल रडलं तरी तुम्हाला झोप लागते. बहुतेक भिंती इमारतीचा भार घेत नाहीत, तो पोलादी सांगाड्यावर असतो. म्हणून ‘भिंत पाडता येईल का’ याला सहसा ‘हो’ हेच उत्तर असतं. खरा प्रश्न, त्या भिंतीच्या पोटात काय आहे? स्वयंपाकघर आणि डायनिंगच्या मधल्या भिंतीत बऱ्याचदा एक जाड भाग असतो, त्यात वाफेचा किंवा पाण्याचा उभा पाइप असतो. तो एकट्या तुमचा नसतो, लाइनीतल्या सगळ्या घरांचा असतो.

याबद्दल न्यूयॉर्क राज्याच्या सगळ्यात वरच्या न्यायालयाचा एक निकालच आहे, १९९० सालचा. वन फिफ्थ ॲव्हेन्यू या १९२७ च्या इमारतीतल्या एका मालकाला स्वयंपाकघर वाढवताना वाफेचा पाइप थोडा बाजूला सरकवायचा होता. बोर्डानं नकार दिला. प्रकरण वरपर्यंत गेलं आणि न्यायालयानं बोर्डाची बाजू उचलून धरली: बोर्डानं आपल्या अधिकारात, प्रामाणिकपणे, इमारतीच्या हितासाठी निर्णय घेतला असेल तर कोर्ट त्यात ढवळाढवळ करणार नाही. इथल्या प्रत्येक को-ऑपच्या भांडणात आजही हा निकाल पुढे केला जातो. एका पाइपावरून! म्हणून सही करण्याआधी मला किंवा माझ्यासारख्या कुणाला तासभर तिथे नेऊन ती भिंत ठोकून बघा. तासाभराची फी जाईल, पण कळेल.

दुसरा नियम, ओल्यावर कोरडं चालेल, कोरड्यावर ओलं नको. खालच्यांच्या बेडरूमवर किंवा दिवाणखान्यावर तुमचं स्वयंपाकघर वा बाथरूम येता कामा नये. म्हणजे भिंत पाडून खुलं स्वयंपाकघर केलंत तरी सिंक आहे त्याच भागात राहील. डायनिंगमध्ये मधोमध सुटा ओटा (‘आयलंड’) करून तिथे नळ घ्यायचं स्वप्न असेल तर ते इथेच सोडा.

आणि फोडणी. हे इथल्या एजंटला विचारून उपयोग नाही, त्याला प्रश्नच कळणार नाही. या इमारतींत स्वयंपाकघराला खिडकी असते, धूर बाहेर फेकणारी चिमणी बहुधा नसते, आणि दर्शनी भिंतीला भोक पाडू देत नाहीत. कोळशाच्या फिल्टरचा हूड मिरचीच्या ठसक्यापुढे फारसा टिकत नाही. खिडकी उघडून पंखा लावणं हाच मार्ग. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावा, नाहीतर लिफ्टपाशी उभ्या माणसाला तुमच्या आमटीत काय आहे ते कळतं. आमच्या मजल्यावरच्या एक वृद्ध बाई मला दर शनिवारी ‘आज हिंग?’ असं विचारतात. त्यांना ‘असाफेटिडा’ म्हणायला मीच शिकवलं होतं, पण त्यांना हिंगच जमला.

गॅसबद्दल एक धोक्याची सूचना. लाइनीत कुठेही गळती सापडली की अख्ख्या लाइनीचा गॅस बंद होतो आणि पाइपची चाचणी, दुरुस्ती, तपासणी होऊन परत यायला महिने लागतात. आमच्याकडे आठ महिने लागले. आठ महिने मी एका इलेक्ट्रिक शेगडीवर पोळ्या केल्या. तेव्हापासून मी अशिलांना सांगते, नूतनीकरण करतच आहात तर इंडक्शनचा विचार करा. तवा लोखंडी असेल तर चालतो, ॲल्युमिनियमची पातेली मात्र बाद होतील. त्याला साधारण ४० अँपिअरचं स्वतंत्र सर्किट लागतं आणि जुन्या फ्लॅटला येणारी एकूण वीज कधी कधी तेवढी नसते. इमारतीनं तळघरातला विजेचा पुरवठा वाढवून घेतलाय का, हा इतिवृत्तात शोधायचा आणखी एक शब्द.

वॉशिंग मशीनचं उत्तर बहुधा ‘नाही’ असेल. कारण पाणी कमी आहे हे नाही. वरच्या मजल्यांवरचा साबणाचा फेस जुन्या सांडपाण्याच्या पाइपात साठतो आणि खालच्यांच्या सिंकमधून वर येतो. काही बोर्ड ठराविक लाइनींना परवानगी देतात. तुमची लाइन त्यात आहे का ते लेखी घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. आधीच्या मालकानं गुपचूप लावलेलं मशीन दिसलं म्हणजे परवानगी आहे असं मुळीच नाही.

हिवाळ्याबद्दल कुणी तुम्हाला सांगितलं नसेल, कारण घर तुम्ही जूनमध्ये पाहिलंत. वाफेच्या रेडिएटरला तुमच्या घरात थर्मोस्टॅट नसतो. तळघरात बॉयलर चालू झाला की सगळ्या लाइनीत वाफ चढते. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा कायद्यानं ठरलेला हीटिंगचा हंगाम. बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की दिवसा आत किमान ६८ अंश हवेत. किमान म्हणतेय. नवव्या मजल्यावर प्रत्यक्षात ८० अंश होतात आणि जानेवारीत लोक खिडक्या उघड्या टाकून बसतात. त्या काळी, १९१८ च्या फ्लूनंतर, खिडकी उघडी ठेवूनही खोली उबदार राहावी या हिशेबानं ही यंत्रणा मोठी बसवत असत. रेडिएटरला एकच पाइप असेल तर त्याची चावी पूर्ण उघडी तरी ठेवा नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट ठेवलीत तर पाणी अडकतं आणि रात्री दोन वाजता कुणी हातोडा मारतंय असा आवाज येतो. आईंना आधीच सांगून ठेवा. माझ्या सासूबाईंनी पहिल्या रात्री चोर आला म्हणून डोअरमनला फोन केला होता.

मुलगा चार वर्षांचा आहे, म्हणून हे गंभीरपणे घ्या. १९६० च्या आधीच्या इमारतीत जुन्या रंगाच्या थरांत शिसं आहे असंच धरून चालायचं. भिंतीवर नीट बसलेला रंग त्रास देत नाही, त्रास होतो तो खिडक्या-दारांच्या घासण्यातून आणि तोडफोडीतून उडणाऱ्या धुळीनं. काम होईपर्यंत मुलाला त्या घरात ठेवू नका, आणि ठेकेदाराकडे शिशाच्या रंगावर काम करण्याचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. पाण्यातलं शिसं तपासायचं किट शहर फुकट देतं, ३११ या शहराच्या मदत-क्रमांकाला फोन करा. दहा वर्षांपर्यंतचं मूल घरात असेल तर खिडक्यांना गार्ड बसवणं कायद्यानं सक्तीचं आहे. ते बोर्डाकडून बसवून घ्या, मागायला लाजू नका. खिडक्या बदलायच्या असतील तर मात्र वेगळी कथा. वेस्ट एंडचा मोठा भाग वारसा-क्षेत्रात येतो, तिथे खिडकीच्या चौकटीला सुद्धा लँडमार्क आयोगाची परवानगी लागते.

बाहेरचंही बघा. १९७९ मध्ये ब्रॉडवे आणि ११५ व्या रस्त्यापाशी एका इमारतीचा दर्शनी तुकडा पडून बर्नार्ड कॉलेजच्या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. त्यानंतर कायदा आला. सहा मजल्यांहून उंच प्रत्येक इमारतीच्या दर्शनी भिंती ठराविक वर्षांनी तपासून घ्याव्या लागतात. काम निघालं की फुटपाथवर पादचाऱ्यांच्या डोक्यावर तो हिरवा संरक्षक मांडव उभा राहतो आणि कधी कधी वर्षानुवर्षं हलत नाही. तुमच्या इमारतीला शेवटची तपासणी कधी झाली आणि निकाल काय, हे विचारा. तसंच २५,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना २०२४ पासून कार्बनची मर्यादा लागू झाली आहे, २०३० मध्ये ती आणखी आवळेल, आणि वरच्या प्रत्येक टनाला वर्षाला २६८ डॉलर दंड आहे. तेलावर चालणारा जुना बॉयलर असेल तर बोर्डाचं नियोजन काय, हे ताळेबंदाइतकंच महत्त्वाचं.

एजंट तुम्हाला वास्तुरचनाकाराचं नाव सांगेल. एमरी रॉथ, रोझारिओ कॅन्डेला ही नावं घेतली की किंमत चढते. आराखडे खरोखरच देखणे आहेत: आत शिरताच ‘गॅलरी’ (चाळीतली नव्हे, प्रवेशाचं दालन), तिथून बसायचं, जेवायचं आणि झोपायचं असे घराचे तीन भाग नीट फुटतात. कॅन्डेलाच्या घरात एकदा काम केलं की आजचे काचेचे टॉवर खुराड्यासारखे वाटतात. पण कॅन्डेलाचा पाइपही शंभर वर्षांचाच असतो. तुमच्या स्वयंपाकघरामागची ती चिमुकली खोली मोलकरणीची. तिला वेगळं छोटं बाथरूम, मागचा जिना, मागचं दार. ज्या डौलावर आपण भाळतो तो कुणाच्या कष्टावर उभा होता ते त्या आठ फुटांत दिसतं. आईंना ती खोली देऊ नका. तिथे अभ्यासिका करा, आणि त्या बाथरूममध्ये ओल्याचा हक्क आधीच आहे हे लक्षात ठेवा, तो मोलाचा आहे. भाडेपट्ट्यात जवळच्या कुटुंबियांना राहायची मुभा सहसा असतेच, तरी आईंचा मुक्काम लांबतो म्हणून वकिलाला तेवढं कलम दाखवायला सांगा.

रोजच्या राहण्यात दोन गोष्टी बोचतात. एक, जमिनीचा ऐंशी टक्के भाग गालिच्यानं झाकायचा नियम. खालच्यांना पावलांचा आवाज जाऊ नये म्हणून. खलबत्ता ओट्यावर घ्या, खाली बसून कुटू नका. दुसरी, कामाच्या वेळा: ठेकेदार सकाळी नऊला सर्व्हिस लिफ्टनं येणार, चारला जाणार, काही इमारतींत मोठी कामं फक्त उन्हाळ्यात. मी खर्चाच्या अंदाजात वीस टक्के ‘भिंतीच्या आतलं’ म्हणून वेगळे ठेवते आणि बहुतेक वेळा ते लागतात. नाताळात कर्मचाऱ्यांना पाकिटं द्यायची असतात. त्याला टिप म्हणतात, पण भाव आपल्या दिवाळीच्या पोस्ताचाच आहे. किती, ते शेजाऱ्यांना विचारा. सुपरचं, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्या मुख्य माणसाचं, पाकीट सगळ्यात जाड असू द्या. रात्री पाणी गळायला लागलं की तोच येणार आहे.

राहिली मुलाखत. तिथपर्यंत बोलावलं म्हणजे कागदांवर तुम्ही जवळजवळ पास आहात. आम्ही कागदांत बघायचो ते इतकंच: क्लोजिंगनंतर हातात किती रोकड उरते आणि महिन्याच्या मिळकतीतला किती भाग घरावर जातो. पुण्यातला फ्लॅट आणि भारतातल्या एफडी बोर्ड मोजेलच असं धरू नका, इथली रोकड वेगळी दाखवा. मुलाखतीत कमी बोला, खरं बोला. नूतनीकरणाबद्दल विचारलं तर ‘अजून विचार करतोय, नियमांप्रमाणेच करू’ इतकंच. भिंत पाडायचे नकाशे घेऊन जाऊ नका. आमच्यापुढे एक जोडपं संगणकावर त्रिमितीय चित्रं घेऊन आलं होतं, त्यात वाफेचा पाइप गायब होता.

तुम्ही घ्यावं का? आठ-दहा वर्षं राहणार असाल, कपडे तळघरातल्या मशीनमध्ये धुवायला तयार असाल आणि सी लाइनचा इतिहास बरा निघाला, तर घ्या. तीन वर्षांत दुसऱ्या शहरात बदलीची शक्यता असेल तर कॉन्डो बघा. बोर्ड भाड्यानं देऊ देईल याची खात्री नसते. पुढच्या भेटीला एजंटला फ्लॅट दाखवू नका म्हणा, तळघर दाखवा म्हणा. बॉयलर रूम स्वच्छ आहे का, पाइपांवर नवे सांधे किती, भिंतींवर पाण्याचे डाग किती, ते बघा. सुपर भेटला तर सी लाइनबद्दल विचारा आणि तो उत्तर देण्याआधी किती वेळ थांबतो तेही बघा. फ्लोअर प्लॅन इथे टाकलात तर त्या स्वयंपाकघराच्या भिंतीत काय असेल याचा अंदाज मी सांगू शकेन.